देवगिरीच्या दरबारातली ओवी आणि फ्लॉरेन्सची 'कोमेदिया'

दौलताबादच्या किल्ल्यात शिरलं की वाटाड्या मेंढा तोफ दाखवतो, चांद मिनार दाखवतो, अंधारीत नेऊन शत्रूची कशी दिशाभूल व्हायची ते हातवारे करून सांगतो. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना किल्ला दाखवणं ही आम्हा संभाजीनगरकरांची ठरलेली ड्यूटी. मी तो पंधरा-वीस वेळा तरी चढलो असेन. यादवांच्या या राजधानीत १२९२च्या सुमारास नरेंद्र नावाच्या कवीने रामदेवरावासमोर आपलं 'रुक्मिणीस्वयंवर' वाचून दाखवलं होतं, हे मात्र वाटाड्याच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही.

ही हकिगत महानुभाव परंपरेने जपली आहे. काव्य ऐकून राजा खूश झाला. म्हणाला, हे माझ्या नावावर करून दे, ओवीमागे सोन्याचं नाणं देतो. नरेंद्राने नकार दिला. पण काव्य दरबारात राहिलं. मग रात्री आठवतील तेवढ्या ओव्या त्याने आणि त्याच्या भावांनी उतरवून काढल्या आणि पुढे नरेंद्र महानुभाव पंथात गेला. आज हाती आहे ते सुमारे नऊशे ओव्यांचं, अपुरं काव्य. ही गोष्ट शब्दशः खरी मानायची की नाही हा वाद बाजूला ठेवू. मराठीतलं एक पहिलंवहिलं दरबारी कथाकाव्य आपल्यापर्यंत अर्धंमुर्धं आलं आणि त्याच्या अर्धेपणाची गोष्टही सोबत आली, एवढं खरं.

तेव्हा इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये दान्ते सत्ताविशीत होता. त्याचा जन्म १२६५चा, ज्ञानेश्वरांचा परंपरेने १२७५चा. ज्ञानेश्वरी नेवाशाला शके १२१२त, म्हणजे १२९०त सांगून झाली. दान्तेची प्रिया बेआत्रिचे वारली तीही १२९०तच. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि त्याच वर्षी आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. १३००च्या वसंतात दान्तेची परलोकयात्रा घडते, असं त्याच्या काव्यातलं कालमान. १३०२त फ्लॉरेन्सने त्याला हद्दपार केलं. १३१८त यादवांचं राज्य कायमचं बुडालं. १३२१त दान्ते राव्हेनाला वारला. त्याच १३२१ साली आपल्या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांत टॉलेंटिनोचा, पाडुआचा, सिएनाचा असे इटालियन होते. त्यांच्या अस्थी गोळा करायला ओडोरिक नावाचा आणखी एक इटालियन साधू ठाण्याला येऊन गेला. म्हणजे माणसं येत-जात होती. काव्यं एकमेकांना ठाऊक नव्हती.

तारखा जुळल्या म्हणून ग्रंथ जुळत नाहीत, हे आधीच सांगायला हवं. दान्ते आणि ज्ञानेश्वर यांची तुलना भाषणांतून होते तेव्हा दोघांनी लोकभाषेत लिहिलं एवढ्यावरच ती थांबते. तेवढ्यावर तर तेराव्या शतकातल्या डझनभर कवींची तुलना होईल. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे. दान्तेची 'कोमेदिया' ही 'मी' सांगत असलेली यात्रा. त्या यात्रेत शेजारीपाजारी, शत्रू, शिक्षक, सावकार नावानिशी भेटतात. ज्ञानेश्वरीत समकालीन माणूस जवळजवळ नाही. निवृत्तिनाथ आहेत, शेवटी यादव रामचंद्राचा उल्लेख आहे, लेखक सच्चिदानंदबाबा आहेत. बाजारातला, भांडणातला माणूस शोधायचा तर 'लीळाचरित्रा'कडे जावं लागतं. तिथे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्याभोवती पैठणची, वेरूळची, बीडची खरी माणसं वावरतात. रुसतात, खोटं बोलतात, भुकेली होतात. आणि राजसभेला साजेसं अलंकृत कथन हवं तर नरेंद्राकडे. माझं मत असं की दान्तेच्या एका ग्रंथात जे एकत्र आलं, ते आपल्याकडे पंचवीस-तीस वर्षांच्या आत तीन ग्रंथांत वाटलं गेलं. तीन ग्रंथ, महानुभाव आणि वारकरी असे दोन पंथ, एक दरबार. त्यामुळे वाचकही वाटले गेले. पुढच्या सातशे वर्षांतला फरक समजून घ्यायचा तर धागा इथून धरावा लागतो.

छंदाचंही असंच. दान्तेने तीन ओळींचं कडवं घेतलं. पहिली-तिसरी ओळ यमकात, मधल्या ओळीचं यमक पुढच्या कडव्यात. साखळीची कडी कडीत अडकावी तसं. मधलं एक कडवं कुणी काढलं किंवा घुसडलं तर लगेच पकडलं जातं. चौदा हजार दोनशे तेहेतीस ओळी या साखळीने बांधलेल्या आहेत. आपली ओवी साडेतीन चरणांची. तीन चरण यमकात आणि शेवटचा आखूड, मोकळा. प्रत्येक ओवी आपल्यापुरती पुरी. म्हणून ती पाठ करायला सोपी, जात्यावर गायला सोपी, आणि मध्ये स्वतःची घालायलाही सोपी. एकनाथांना शके १५०६त, म्हणजे १५८४त, ज्ञानेश्वरीच्या पोथ्या गोळा करून पाठशुद्धी करावी लागली ती याचमुळे. यात कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही त्यांनी शेवटी देऊन ठेवली. मराठीतल्या पाठचिकित्सेचं हे पहिलं मोठं काम पैठणला झालं. पैठण आमच्या बसस्थानकापासून दीड तासावर.

दान्तेची स्वतःच्या हातची एक ओळही उरलेली नाही. ज्ञानेश्वरांचीही नाही. 'कोमेदिया'च्या मात्र आठशेच्या आसपास हस्तलिखित प्रती जगभर आहेत आणि त्यांतली एक मुंबईत, एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ती संस्थेला दिली. १९३०च्या सुमारास मुसोलिनीने तिच्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि संस्थेने ते नाकारले, अशी गोष्ट संस्थेच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर कुणीही सांगेल. रक्कम गोष्टीत फुगली असेल. नरेंद्राची गोष्ट आणि ही गोष्ट शेजारी ठेवून पाहा: दोन्हींत सत्ताधीश काव्य विकत मागतो आहे आणि दोन्हींत उत्तर नाही असंच आहे.

एल्फिन्स्टनच्या नावाने निघालेल्या संस्थेत शिकवणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५त ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली. ही तिची पहिली छापील आवृत्ती. 'कोमेदिया' इटलीत फोलिन्योला १४७२तच छापून झाली होती. पावणेचारशे वर्षांचं हे अंतर पाहून हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला ती हळहळ अर्धीच पटते. छपाई लवकर झाली म्हणून दान्ते अखंड वाचला गेला, असं घडलेलं नाही. १५२५त पिएत्रो बेम्बोने चांगल्या इटालियन भाषेचा नमुना ठरवला तेव्हा पद्यासाठी पेत्रार्क आणि गद्यासाठी बोकाचो निवडला. दान्ते त्याला ओबडधोबड वाटला. सतराव्या शतकात तर 'कोमेदिया'च्या जेमतेम तीन आवृत्त्या निघाल्या. त्या शतकात आपल्याकडे तुकोबा कीर्तन करत होते आणि एकनाथांचा नातू मुक्तेश्वर महाभारताची पर्वं ओवीत आणत होता. आज जो दान्ते इटलीच्या दोन युरोच्या नाण्यावर दिसतो, तो बराचसा एकोणिसाव्या शतकाने उभा केला आहे. देश एक करायचा होता, त्यासाठी एका भाषेचा एक पुरुष हवा होता. मॅझिनीने तरुणपणी लिहिलेला पहिला निबंधच दान्तेच्या देशप्रेमावर आहे. इटली मराठीत आली तीही मॅझिनीचं बोट धरून. सावरकरांचं मॅझिनी चरित्र १९०७चं. दान्ते त्या गर्दीत दाराबाहेरच राहिला.

तो आत आला बहुधा मागच्या दाराने, इंग्रजी कवी टी. एस. एलियटच्या मागोमाग. एलियटच्या लंडनच्या पुलावरून जाणारी गर्दी ही दान्तेच्या नरकातून आलेली गर्दी आहे. कवी मर्ढेकरांनी एलियट मुरवून घेतला होता आणि ओवी-अभंगाची चाल त्यांच्या कानात होती. १९४७च्या 'काही कविता'त शहराचा नरक संतांच्या छंदात उतरला, तेव्हा तेराव्या शतकातले हे दोन प्रवाह मराठीत पहिल्यांदा एका भांड्यात आले, असं मी मानतो. माझे काही प्राध्यापक मित्र हे ओढूनताणून म्हणतात. म्हणोत.

आता अभ्यासाकडे. दोन्हीकडे काय झालं? इटलीत दान्तेच्या जाहीर वाचनाची सुरुवात विद्यापीठात नाही, देवळात झाली. १३७३त फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने बोकाचोला पगार देऊन एका चर्चमध्ये 'कोमेदिया' लोकांना वाचून अर्थ सांगायला बसवलं. 'दिव्य' हे विशेषणही त्याचंच. पुढे १५५५च्या व्हेनिसच्या आवृत्तीने ते शीर्षकात नेलं. एक माणूस सर्ग वाचतो, अर्थ सांगतो, लोक ऐकतात ही रीत तिकडे आजही आहे. २००६त रोबेर्तो बेनिन्यी या सिनेमातल्या विनोदी नटाने फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चौकात हजारोंसमोर तेच केलं. पूर्वार्धात चालू राजकारणावर टोमणे आणि उत्तरार्धात सर्ग. आपल्याला हे नवीन नाही. याला आपण कीर्तन म्हणतो.

त्याच बरोबरीने तिकडे दुसरं चाक चालू राहिलं. शाळेत शेवटची तीन वर्षं नरक, शोधनलोक, स्वर्ग अशी एकेक खंडाची पायरी, क्रुस्का अकादमीचा १६१२चा शब्दकोश, पेत्रोक्कीची १९६६-६७ची चिकित्सक आवृत्ती. समीक्षक आवरबाखने दुसऱ्या महायुद्धात इस्तंबूलला निर्वासित असताना दान्तेवर लिहिलं. मेल्यावरही माणसाचा स्वभाव मरत नाही, उलट नरकात तो अधिक ठळक होतो, हे त्याचं निरीक्षण वाचल्यावर दान्ते पुन्हा उघडावासा वाटतो. पहिलं चाक आणि दुसरं चाक एकाच गाडीला आहेत. बेनिन्यीच्या श्रोत्याने शाळेत तो सर्ग घोकलेला असतो.

आपली चाकं दोन वेगळ्या गाड्यांना आहेत. माझी तक्रार हीच.

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की पारायण असतं. पहाटे काकडा, मग व्यासपीठचालक ओवी लावतो, शंभर-दोनशे वाचक एका सुरात मागे म्हणतात, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, विणेकऱ्याचा पहारा चोवीस तास. सात दिवसांत नऊ हजार ओव्या. जगात इतका मोठा काव्यग्रंथ इतक्या सामान्य माणसांनी इतक्या नियमाने, मोठ्याने, अथपासून इतिपर्यंत वाचण्याची उदाहरणं फार नसतील. बायका स्वयंपाक उरकून येऊन बसतात, दहावी नापास पोरगा अठरावा अध्याय खाड्खाड् म्हणतो. एका सप्ताहात शेजारच्या म्हाताऱ्याने एका ओवीशी बोट ठेवून मला विचारलं, "गुरुजी, ह्याचा अर्थ काय लागतो?" मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात व्यासपीठावरून आवाज आला, "माऊली, पुढं चला, आज चार अध्याय उरकायचेत."

दुसऱ्या गाडीत विद्यापीठ. तिथे प्रश्न विचारायला वेळच वेळ आहे, पण ग्रंथ सबंध कुणी वाचत नाही. एम.ए.ला मध्ययुगीनच्या पेपरात एखादा अध्याय नेमलेला, त्यावर गाईड, गाईडावर परीक्षा. मी स्वतः असाच पास झालो. ज्ञानेश्वरी सबंध वाचली ती नोकरी लागल्यावर, आणि तीही आईने पारायणाला बसवलं म्हणून.

हे रडगाणं गाताना ज्यांनी काम केलं त्यांचा विसर पडू नये. राजवाड्यांनी जुनी पोथी मिळवून १९०९त ज्ञानेश्वरी छापली आणि तिचं व्याकरण लिहिलं. वि. ल. भाव्यांनी आणि य. खु. देशपांड्यांनी महानुभावांच्या पोथ्यांना वाचा फोडली. त्या पोथ्या सकळा नावाच्या सांकेतिक लिपीत होत्या. अक्षर एक दिसे आणि उच्चार दुसरा. बाहेरच्यांच्या हाती ग्रंथ पडू नये म्हणून केलेली ती तजवीज. ग्रंथ त्यामुळे वाचले हे खरं आणि सहाशे वर्षं पंथाबाहेर ते कुणी वाचले नाहीत हेही खरं. नरेंद्राचा, लीळाचरित्राचा वाचक हरवला तो इथे. वि. भि. कोलत्यांनी आयुष्य घालवून हे ग्रंथ संपादित केले. आमच्या विद्यापीठात यू. म. पठाणांनी मराठी विभागात बसून महानुभाव आणि संत साहित्यावर काम केलं. पुढे १९९०च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा शब्दकोश १९९९त निघाला. तो नसता तर माझ्यासारख्याने यादवकालीन मराठीच्या वाटेला जायचं धाडस केलं नसतं.

परदेशी अभ्यासकांत सध्या एक चांगला वाद आहे. शेल्डन पोलॉक यांचं २००६चं मोठं पुस्तक सांगतं की देशी भाषा साहित्याच्या भाषा झाल्या त्या प्रामुख्याने राजदरबारांमुळे, आणि भारतात व युरोपात हे साधारण एकाच काळात घडलं. क्रिस्टियन नोव्हेत्झके यांनी २०१६त नेमकं देवगिरीच्या परिसराचं उदाहरण घेऊन याला छेद दिला: यादवांच्या दरबाराची प्रतिष्ठा संस्कृतात होती, मराठी वर आली ती बाजारातून, बायाबापड्यांतून, चक्रधर-ज्ञानेश्वरांच्या निरूपणातून. मला नोव्हेत्झके जवळचे वाटतात. यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित याने 'चतुर्वर्गचिंतामणी' संस्कृतातच लिहिला. पण नरेंद्राची गोष्ट दोघांच्याही मांडणीत नीट बसत नाही, आणि म्हणूनच ती मला मोलाची वाटते. दरबाराला मराठी काव्य हवं होतं. भाव लावण्याइतकं हवं होतं. कवीच उठून गेला. दान्तेचं याच्या नेमकं उलट. लोकभाषेची बाजू मांडणारा ग्रंथ त्याने लॅटिनमध्ये लिहिला आणि त्यात म्हटलं की श्रेष्ठ इटालियन ही राजवाड्यात शोभणारी भाषा आहे, इटलीला राजवाडा नाही म्हणून ती दारोदार हिंडते. त्याच्याकडे भाषा होती, दरबार नव्हता. इथे दरबार होता.

बोलोन्याच्या जोव्हानी देल व्हिर्जिलियो या पंडिताने दान्तेला उतारवयात लिहिलं, एवढा गंभीर विषय बाजारी भाषेत कशाला वाया घालवतोस, लॅटिनमध्ये लिही, मान मिळेल. दान्तेने उत्तर लॅटिनमध्येच दिलं आणि काम इटालियनमध्ये पुरं केलं. पैठणच्या ब्रह्मवृंदाची आणि संन्याशाच्या पोरांची कथा ज्याला माहीत आहे, त्याला यातला स्वर ओळखता येईल. फ्लॉरेन्सच्या नगरसभेने दान्तेची शिक्षा रद्द केल्याचा ठराव केला तो २००८त, सातशे सहा वर्षांनी. त्याची हाडं राव्हेनाने परत दिली नाहीत ती नाहीतच. फ्लॉरेन्सच्या चर्चमधली समाधी रिकामी आहे. राव्हेनाच्या समाधीवरच्या दिव्याला दरवर्षी सप्टेंबरात फ्लॉरेन्सहून तेल जातं.

दान्तेखेरीज इटालियन कथाकाव्याची दुसरी धार म्हणजे ओर्लान्दोच्या कथा, बोयार्दोच्या आणि आरिओस्तोच्या. आरिओस्तोचं काव्य १५१६चं. त्याचे वीर सिसिलीत लाकडी बाहुल्या झाले आणि पत्र्याची चिलखतं घालून आजही खणाखण लढतात. युनेस्कोने २००१त या खेळाला मान दिला. टस्कनीत शेतकरी आठ ओळींच्या कडव्यांत समोरासमोर झटपट सवालजवाब गातात. आमचे कलगी-तुऱ्याचे शाहीर तिथे गेले तर भाषेवाचून काही अडणार नाही. कुडाळजवळ पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी याच जातीची कला. 'पैठण शैली' म्हणून ओळखली जाणारी रामायण-महाभारताची चित्रं चित्रकथ्यांचीच. काव्य वाचता न येणाऱ्यापर्यंत पोचलं ते या वाटेने. त्यावर आपल्याकडे लिहिलं जातं ते लोककलेच्या खात्यात. वाङ्मयाच्या इतिहासात त्याला पान मिळत नाही.

आणि एक माणूस दोन्ही जगांत राहून गेला, त्याची आठवण मराठवाड्यात कुणी काढत नाही. थॉमस स्टीफन्स, इंग्रज. १५७५त रोमला जेझुइट झाला, १५७९त गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' लिहून १६१६त छापलं. टास्सोचं वीरकाव्य इटलीत गाजायला लागलं त्या दशकात हा गोव्यात होता. बायबलची कथा सांगायला त्याने इटालियन अष्टपदी घेतली नाही, ओवी घेतली. श्रोत्यांच्या कानात काय बसलं आहे ते त्याला कळलं होतं.

२०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याच वर्षी रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. रिद्धपूर ही महानुभावांची काशी. पैसा येईल, इमारती होतील, परिसंवाद तर होतीलच.

आम्ही चौघांनी गेल्या श्रावणापासून रविवारी सकाळी 'रुक्मिणीस्वयंवर' लावलं आहे. एक निवृत्त बँकवाला आहे, जो गावाकडे व्यासपीठ चालवतो. एक शाळेतल्या बाई, एक पीएच.डी. करणारा मुलगा, आणि मी. ओवी मोठ्याने म्हणायची, मग तुळपुळ्यांचा कोश उघडायचा, अर्थ लागेपर्यंत पुढे जायचं नाही असा नियम केला. बँकवाल्यांनी पहिल्या दिवशी पारायणाची चाल लावली, तर नरेंद्राचा चरण त्या चालीत मावेना. मध्येच लांबे. त्यांनी तीन रविवार निरनिराळ्या चाली लावून पाहिल्या. चौथ्या रविवारी बाई म्हणाल्या, ही गायची नसेल, सांगायची असेल, सभेत उभं राहून. तेव्हापासून आम्ही ती उभं राहून वाचतो. सत्तर ओव्या झाल्या आहेत.